ओके दाबा, मग निघा!

गाडी स्टार्ट केली, एसी लागला, रेडिओवरचा आरजे बडबडायला लागला... आणि समोरच्या स्क्रीनवर नकाशाऐवजी आला एक भलामोठा परिच्छेद! गाडी चालवताना लक्ष रस्त्यावर ठेवा. नकाशातली माहिती अचूक असेलच असं नाही. वाहतुकीचे नियम पाळा. अपघात झाल्यास कंपनी जबाबदार नाही. आणि खाली एकच बटण, ‘आय ॲग्री’. ‘आय डोन्ट ॲग्री’चं बटण शोधू नका, ते नसतंच. पटत नसेल तर बहुतेक रिक्षाने जायचं!

खरं सांगा, तो मजकूर शेवटचा कधी वाचलात? कोथरूडहून हिंजवडी गाठायचंय किंवा ठाण्याहून बीकेसी, नऊची मीटिंग आहे, त्यात कोण वाचणार? बोट आपोआप तिथे जातं, बटण दाबतं, विषय संपला. ऑफिसला जाता-येता दिवसातून दोनदा, आठवड्यातले पाच दिवस, असं धरलं तरी वर्षाला पाचशेवर वेळा आपण न वाचलेल्या कागदावर सही करतो. बँकेच्या फॉर्मवरसुद्धा आपण इतक्या सह्या करत नाही.

मग प्रश्न पडतो, ही नोटीस नक्की कुणाच्या सेफ्टीसाठी आहे? आपल्या, की कंपनीच्या?

कॉफीचा कप आणि वकील

गाडीतला नकाशा तसा जुना. होंडाने १९८१ मध्ये जपानमध्ये ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ आणला, तेव्हा जीपीएस सामान्य माणसाच्या हातात आलंही नव्हतं. पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा छोट्या स्क्रीनवर सरकवायचा आणि त्यावर गाडीचा ठिपका बघायचा, असा प्रकार. पुढे गाड्यांत जीपीएस आलं, हे सेट अमेरिकेत विकले जाऊ लागले आणि मग वकीलमंडळींचं लक्ष तिकडे जाणारच होतं.

अमेरिकेत नुकसानभरपाईच्या कायद्याचं एक वजनदार संकलन आहे, १९६५ सालचं. त्यात एक मजेशीर गृहीतक आहे. विक्रेत्याने सूचना दिली असेल, तर ग्राहक ती वाचेल आणि पाळेल, असं त्याने खुशाल धरून चालावं! म्हणजे तुम्ही वाचलं की नाही हा प्रश्नच नाही. लिहिलं होतं ना? झालं तर मग.

त्यात १९९४ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचा तो गाजलेला निकाल लागला. कॉफी सांडून भाजलेल्या ७९ वर्षांच्या आजींना ज्युरीने लाखो डॉलर्सची भरपाई दिली. (ती नंतर कोर्टाने बरीच कमी केली आणि शेवटी तडजोड झाली.) या केसवर जगभर जोक झाले. ‘कॉफी गरम असते हेही सांगायचं का?’ पण खरी गोष्ट वेगळीच होती. आजींना थर्ड डिग्री बर्न्स होते. कॉफी ८० अंश सेल्सिअसच्याही वर ठेवली जायची आणि भाजल्याच्या शेकडो तक्रारी कंपनीकडे आधीच आल्या होत्या. आणि गंमत म्हणजे कपावर सूचना छापलेली होती! ज्युरीला ती पुरेशी वाटली नाही, इतकंच.

यातून दोन धडे घेता आले असते. एक, कॉफी थोडी कोमट ठेवा. दोन, अक्षरं मोठी छापा. गाडीचा स्क्रीन बनवणाऱ्यांनी कुठला धडा घेतला, ते आपण रोज सकाळी बघतोच.

मेंदू म्हणतो, पाहिलंय हे!

कुणी म्हणेल, एक बटण दाबायला काय जातं? जातं, बॉस! अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी कॉम्प्युटरवरच्या सिक्युरिटी वॉर्निंग्ज दाखवताना लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढले. २०१५ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की तीच सूचना दुसऱ्यांदा दिसली, तेव्हाच मेंदूचा बघण्याचा भाग सुस्तावला. दुसऱ्यांदा! आपण तर पाचशेव्यांदा बघतोय.

म्हणजे रोजची नोटीस आपल्याला सावध करत नाही. उलट स्क्रीनवर काही लिहून आलं की न वाचता उडवायचं, याची ती प्रॅक्टिस देते. मग एखाद्या दिवशी खरंच कामाची सूचना आली, तर तीही त्याच सवयीने उडवली जाणार.

सगळ्याच वॉर्निंग्ज अशा नसतात. साइड मिररवरची ती ओळ आठवा, आरशात दिसतं त्यापेक्षा गाडी जवळ आहे असं सांगणारी. चार शब्द, अगदी जिथे हवेत तिथे, आणि बाहेरून फुगीर आरशाबद्दल काहीतरी नवीन सांगणारे. किंवा भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा झालेला स्पीडचा बीप. ताशी ८० किलोमीटरला टुक-टुक, १२०च्या पुढे सलग. वैताग येतो, मान्य! पण तो तुम्ही काहीतरी केल्यावरच वाजतो आणि वेग कमी केला की गप्प बसतो. बिल्डिंगखाली पार्क केलेल्या गाडीत बसून ‘मी सावकाश चालवीन’ असं तो रोज वदवून घेत नाही.

पूल बुडाला, नकाशा कोरडाच

हा सगळा वैताग हसण्यावारी नेता आला असता. पण नकाशा खरोखर चुकतो, तेव्हा काय होतं?

जानेवारी २०२१. पुण्याहून कळसूबाईच्या ट्रेकला निघालेल्या तिघांची गाडी रात्री अकोले तालुक्यात नकाशाच्या भरवशावर कोतूळजवळच्या रस्त्याला लागली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात तिथला पूल बुडालेला होता. आसपासच्या लोकांना ते ठाऊक होतं, नकाशाला नव्हतं. गाडी थेट पाण्यात गेली. दोघे वाचले, गाडी चालवणारा तरुण बुडाला.

नोव्हेंबर २०२४. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलाचा एक भाग पुरात वाहून गेला होता. नकाशावर रस्ता मात्र सलग होता. पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघे गेले. पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इंजिनीअर्सबरोबर गूगल मॅप्सच्या एका अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवला.

‘नकाशा अचूक असेलच असं नाही’ हे वाक्य दोन्ही वेळा खरं ठरलं. पण ते एक्स्प्रेसवेवरही येतं, मॉलच्या पार्किंगमध्येही येतं आणि तुटलेल्या पुलाच्या दिशेने निघतानाही तस्संच येतं. सगळीकडे सारखीच असलेली सूचना कुठल्याच ठिकाणाबद्दल काही सांगत नाही. ‘पुढचा पूल पाण्याखाली आहे, मागे फिरा’ ही झाली वॉर्निंग. आणि ती नकाशात यायला आधी कुणीतरी कळवावं लागतं, आणि रस्त्यावर दगड, पिंपं, बॅरिकेड काहीतरी लावावं लागतं. त्या कामाला ‘आय ॲग्री’ हा पर्याय नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’चं स्वतंत्र प्रकरण आलं, ते जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तू कशी वापरायची याच्या पुरेशा सूचना नसतील, चुकीच्या वापराबद्दल वॉर्निंग नसेल, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. पण याच कायद्याच्या कलम ८७ मध्ये हेही आहे की जो धोका उघड आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल बजावलं नाही म्हणून उत्पादक जबाबदार ठरत नाही.

आता सांगा, गाडी चालवताना रस्त्याकडे बघायचं असतं, याहून उघड काय असणार? ते रोज सकाळी लिहून घ्यायची गरज आपल्या कायद्याने तरी ठेवलेली दिसत नाही. बाकी, एकतर्फी आणि अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागायची सोयही याच कायद्यात आहे. तेव्हा एक बटण दाबलं म्हणजे आपण सगळं लिहून दिलं, असं मानून गप्प बसू नका.

तोवर एवढं करा

• ती नोटीस एकदा, फक्त एकदा, गाडी उभी असताना पूर्ण वाचा. नकाशा कधीचा आहे आणि अपडेट कसा करायचा, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

• पत्ता निघण्याआधीच टाका. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये कंपन्यांना सांगितलं होतं की चालत्या गाडीत स्क्रीनकडे एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त बघावं लागू नये. पत्ता टाइप करायला किती लागतात, मोजून बघा.

• मोबाइलवर मॅप लावत असाल तर तो होल्डरमध्ये हवा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार गाडी चालवताना मोबाइल रस्ता बघण्यापुरताच वापरता येतो, तोही लक्ष विचलित न होता.

• वीकेंडला रात्रीचं धरणाकाठून किंवा अनोळखी आडवाटेने जायची वेळ आली, तर शेवटच्या टपरीवर चहा घ्या आणि ‘पुढे रस्ता चालू आहे ना, दादा?’ एवढं विचारा.

• आणि नवी गाडी बघायला जाल, तेव्हा मायलेज आणि सनरूफच्या जोडीला सेल्समनला हेही विचारा, ‘ही नोटीस दर वेळी येते का? बंद होते का?’ शोरूममध्ये हा प्रश्न वारंवार यायला लागला, तर तो कंपनीपर्यंत नक्की पोचेल.