साठीनंतरच्या दर महिन्याचा हिशेब



बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा त्यांचे वय 65 होते. मधुमेहाने त्यांना कित्येक वर्षे पोखरले होते, पाय दुखत, नजर अधू झाली होती. त्यांच्या दुखण्याबद्दल आपण भाषणांतून ऐकतो, डोळे पुसतो. पण तोच आजार आज कळव्यापासून मोहन्यापर्यंत आपल्या घराघरांत आहे आणि त्याची गोळी मात्र आपण 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करतो.

आपल्या समाजात म्हातारपणाची तयारी फारशी कोणी करत नाही, कारण आपल्या आज्या-आजोबांना ते फारसे लाभलेच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांसाठीच्या संस्थेने 2018 च्या अहवालात भारताचा आकडा दिला होता : दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा सरासरी 14.6 वर्षे आधी मरते. हा अन्याय आहे आणि त्यावर लढायचेच आहे. पण दुसरी बाजूही पाहा. आज जो साठी गाठतो तो देशात सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षे जगतो, बायका थोड्या जास्तच. म्हणजे दोनशेहून जास्त महिने. या दोनशे महिन्यांचे भाडे, तेल-मीठ, लाइट बिल आणि गोळ्या कुठून येणार?

लोक मला विचारतात, 'ताई, ऑपरेशनला कोणती योजना?' त्याचे उत्तर सोपे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचे असो. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटायचे. आधार कार्डावरची जन्मतारीख मात्र आजच तपासा. शाळेत न गेलेल्या आपल्या कितीतरी मावश्यांची तारीख कोणीतरी अंदाजाने टाकलेली असते आणि मग 72 वर्षांची बाई कागदावर 66 ची ठरते.

पण म्हातारपणी माणूस खचतो तो महिन्याच्या खर्चाने. बीपीची गोळी, शुगरची गोळी, रक्ततपासणी, दवाखान्याची रिक्षा. या योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत, घरी रोज घ्यायच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. म्हणून ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांनी पुढचे नीट वाचा.

1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचे काम सोपवले गेले, 1944 मध्ये अहवाल आला आणि 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ज्याला आपण इएसआय म्हणतो ते हेच. निवृत्तीच्या वयाला पोहोचून नोकरी संपलेला आणि किमान पाच वर्षे विमा असलेला कामगार वर्षाला फक्त 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ही वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवू शकतो. महिन्याला दहा रुपये. वागळे इस्टेटला आणि उल्हासनगरला इएसआयचे रुग्णालय आहे, शिवाय दवाखाने आहेत, तिथे बाह्यरुग्ण म्हणूनही औषधे मिळतात. तरीही निवृत्तीच्या दिवशी कार्ड ट्रंकेत टाकून देणारे कितीतरी काका मी पाहिले आहेत. कार्ड काढा, मालकाकडून निवृत्तीचा दाखला घ्या आणि इएसआयच्या शाखा कार्यालयात जा.

इएसआय नसेल तर महापालिकेचा जवळचा दवाखाना, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. राज्य आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय त्यातलेच. बाहेरून घ्यायचीच वेळ आली तर जनऔषधी केंद्रात तीच गोळी बरीच स्वस्त पडते.

आता पेन्शन. डोंबिवली एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबलेले एक काका माझ्याकडे आले. सहा वर्षे एका ठेकेदाराकडे, सहा दुसऱ्याकडे, पाच तिसऱ्याकडे. एकूण सतरा वर्षे. दर वेळी काम सुटले की पीएफ आणि पेन्शनचा हिस्सा दोन्ही काढून घेतले. एकदा बहिणीचे लग्न, एकदा गावचे घर. हातात पेन्शन शून्य. नियम असा आहे की पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची नोकरी लागते, ती एकाच मालकाकडे असण्याची गरज नाही. दहा वर्षे व्हायच्या आत काम सुटले तर फॉर्म 10सी मध्ये दोन पर्याय असतात : पैसे काढणे किंवा योजना प्रमाणपत्र घेणे. प्रमाणपत्र घेतले की ती वर्षे पुढच्या नोकरीत जोडली जातात. यूएएन क्रमांक एकच ठेवून खाते नव्या मालकाकडे वळवले तरी तेच होते. काकांना हे कोणी सांगितले नाही. ठेकेदाराच्या मुकादमाने फॉर्म भरला, त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली याचाच त्यांना अभिमान.

ही पेन्शन मोठी नसते. 15,000 च्या पगारावर पंधरा वर्षांची नोकरी धरली तर 15,000 गुणिले 15 भागिले 70, म्हणजे महिन्याला साधारण 3,214 रुपये, वयाच्या 58 पासून. पण नवऱ्यामागे बायकोला त्याच्या निम्मी मिळते, किमान 1,000. सफाईचे किंवा सुरक्षारक्षकाचे काम ठेक्यावर करणाऱ्या दादा-ताईंनी पगाराच्या चिठ्ठीवर पीएफ आणि इएसआय दोन्ही कापले जातात का आणि भरलेही जातात का, हे स्वतः पाहावे. मोबाइलवर पासबुक दिसते, घरातल्या शिकलेल्या पोरांना कामाला लावा.

घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बहिणींना पीएफ नाही. चाळिशीच्या आत असाल तर बँकेत किंवा पोस्टात अटल पेन्शन घ्या, साठीनंतर 1,000 ते 5,000. वय निघून गेले असेल तर पोस्टाचे आवर्ती खाते, महिना 100 रुपयांपासून. आणि 65 पूर्ण झालेल्या गरीब वृद्धांना तहसील कार्यालयातून श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,500. ते मागायला लाज कसली? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आणि त्यातला एक संकटासाठी बाजूला ठेवायला सांगितला. ज्याच्या कमाईत चार भाग होतच नाहीत, त्याच्यासाठी तो भाग सरकारने ठेवायचा असतो.

निवृत्तीला एकरकमी पैसे येतात तेव्हा घरात सगळ्यांना गरज आठवते. मुलीचे लग्न साधे करा, बौद्ध पद्धतीत त्याला कुठे अडचण आहे? निम्मी तरी रक्कम पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, दर तीन महिन्यांनी व्याज मिळते. दुप्पट करून देणाऱ्या स्कीमवाल्याला दारातूनच पाठवा, तो आपल्याच समाजाचा असला तरी. आणि खोली जिवंतपणी मुलाच्या नावे करू नका. करायचीच असेल तर बक्षीसपत्रात 'आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर' असे लिहून घ्या. 2007 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून घेता येतो. त्यासाठी वकील लागत नाही, अर्ज प्रांत कार्यालयात करायचा. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

शरीराचे थोडक्यात सांगते. तिशीनंतर वर्षातून एकदा बीपी आणि उपाशीपोटीची शुगर. बीपी पुन्हा पुन्हा 140/90 किंवा त्याहून वर, शुगर 126 किंवा वर आली तर डॉक्टर गाठा. शुगर 100 ते 125 असेल तर अजून वेळ हातात आहे. 'गोळीची सवय लागते' हे खोटे. गोळी सोडली की बीपी गुपचूप वाढते, दुखत काहीच नाही आणि एक दिवस अर्धांगवायू होतो किंवा किडनी जाते. मग आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळी.

मधुमेह्यांनी 14 एप्रिलच्या उन्हात अनवाणी चालू नये. पायाची संवेदना गेलेली असते, भाजलेले कळत नाही. रात्री झोपताना तळवे पाहा, दिसत नसतील तर आरशात.

मिश्री लावणाऱ्या मावश्यांनो, तोंडात तीन बोटे उभी जातात का पाहा. जात नसतील किंवा पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम असेल तर वाट पाहू नका. आणि सुकट-बोंबील आवडीने खा, त्यात चांगली प्रथिने आहेत, पण मीठही भरपूर. दोनदा कोमट पाण्यात धुवा आणि कालवणात वरून मीठ टाकू नका. मोरीत हाताशी एक दांडी ठोकून घ्या. खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी पुन्हा उभी राहीलच असे नसते.

प्रत्येक विहारात एक बीपीचे यंत्र असावे, वर्गणी काढली तर घरटी फार येत नाही. दंडावर बांधायचे घ्या, मनगटावरचे नको. रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे शांत बसवून मोजा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. आकडा तारखेसह वहीत नावासमोर लिहा आणि त्याच वहीच्या मागच्या पानांवर कोणाचा यूएएन आहे, कोणाचे इएसआय कार्ड पडून आहे, कोणाच्या आधारावरची तारीख चुकली आहे, तेही लिहीत जा.