भाईंदर ते ऑस्लो, व्हाया वीस-तीन

मीरा-भाईंदरमध्ये ‘दुसरी भाषा कोणती?’ हे जरा जपूनच विचारावं. घरात मराठी, दुकानात गुजराती, रिक्षात हिंदी, ऑफिसात इंग्रजी. आणि कोणी काय बोलायचं यावरून २०२५च्या जुलैत मीरा रोडला मोर्चेही निघाले. म्हणजे इथे कोणी नॉर्वेजियन शिकायला घेतली, तर ती दुसरी नव्हे, थेट पाचवी. पण तिच्यावरून अजून एकही मोर्चा निघालेला नाही, हा प्लस पॉइंट.

भाषेवरून भांडायची हौस नॉर्वेकरांनाही आहेच. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘तेवीस’च्या जोडीला ‘वीस तीन’ आणलं आणि विधानसभेपर्यंत धुरळा उडाला. नॉर्वेने हा उद्योग १९५१मध्येच उरकला. तिथे लोक ‘तीन-आणि-वीस’ म्हणत. फोन नंबर सांगताना घोळ होतो म्हणून टेलिफोन खातं मागे लागलं. संसदेने ठरवलं, १ जुलैपासून ‘वीस-तीन’. तरी जुन्या पद्धतीने मोजणारे आजही भेटतात.

व्याकरणात आपण फुकटात पुढे आहोत. लिंगं आपल्यासारखी तीनच: तो, ती, ते. घाम हिंदीवाल्याला फुटेल. (बर्गनच्या बोलीत मात्र दोनच. प्रत्येक देशात एक पुणं असतंच.) क्रियापद तर देवमाणूस: मी, तू, ती, आम्ही, कोणीही असो, रूप तेच. जातो-जाते-जातोस-जाता घोकलेल्याला ही चैनच. वर नाव म्हणजे ‘नाव्न’ आणि नाही म्हणजे ‘नै’. भाईंदरला ‘नाय’ म्हणणाऱ्याचं अर्धं काम झालंच की!

मग खोच कुठे? सुरात. ‘शेतकरी’ आणि ‘घेवडा’ यांसाठीच्या नॉर्वेजियन शब्दांचे उच्चार सारखेच, फरक फक्त सुराचा. सूर चुकला की माणसाची भाजी! त्यात लेखी रूपं दोन, बूकमॉल आणि नीनॉर्स्क. शिकणारे बहुतेक बूकमॉल घेतात. नीनॉर्स्क इवार ओसन यांनी एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरून बोलींतून उभी केली. लिहिणारे थोडे, पण त्यांतल्याच यून फॉसे यांनी २०२३चं नोबेल नेलं. बोलण्याला तर सरकारी प्रमाण असं नाहीच; खासदारही संसदेत गावच्या बोलीत बोलतात. आपल्याकडे विधानसभेत कोणी अख्खं भाषण मालवणीत ठोकेल तो सुदिन.

नाटकवेड्यांनी मात्र शिकावीच. नाट्यमन्वंतर संस्थेचं १९३३चं ‘आंधळ्यांची शाळा’ श्री. वि. वर्तकांनी बेतलं ते ब्यर्नस्त्यर्ने ब्यर्नसन यांच्या नाटकावरून. हे गृहस्थ नॉर्वेच्या राष्ट्रगीताचे कवी आणि १९०३चे नोबेलविजेते. पुढे १९४२मध्ये मो. ग. रांगणेकरांची ‘कुलवधू’ आली, तिच्यामागे इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’. दोन्हींत ज्योत्स्ना भोळे! मराठी रंगभूमीने कात टाकली ती अशी, नॉर्वेकडून थोडं उसनं घेऊन.

आणि उत्तनकरांना तर लोफोटन बेटं घरचीच वाटतील. उत्तनला बांबूच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून सुकतात. लोफोटनला लाकडी मांडवांवर कॉड मासा शेपट्या जोडीने बांधून टांगतात. मीठ लावत नाहीत, काम वाऱ्यावर सोपवतात. सुका कॉड मुख्यतः इटलीला जातो, मुंडकी नायजेरियाला.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. तिथे इंग्रजी भरपूर चालते आणि देशाची वस्ती जेमतेम ५६ लाख, मुंबईच्या निम्मीही नाही. नुसत्या नोकरीसाठी शिकायचं तर सरळ जर्मन घ्या. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत २०२३पासून फीही पडते. पण तिथे कायम राहायचंच असेल, तर भाषेवाचून गत्यंतर नाही: नागरिकत्वाला साधारणपणे तोंडी परीक्षा बी-१ पातळीची लागते. शिवाय नॉर्वेजियन आली की डॅनिश वाचता येते, स्वीडिश बऱ्यापैकी कळते. एकावर दोन फ्री. ट्रॉनहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्सही फुकट आहे. चर्चगेट लोकलमध्ये करता येईल, हात मोकळा राहिला तर.