प्रेशर नाही

रात्रीचे साडेदहा. पुण्याच्या कडेचा एक बस डेपो. मे महिन्याची धग अजून डांबरातून वर येते आहे. गेटमधून एकेक बस आत वळते. समोरची मार्गाची पाटी विझलेली, आत फक्त ड्रायव्हर आणि कंडक्टर. फेऱ्या संपल्या, पण बस धुवायला जात नाही. डावीकडे वळून रांगेला लागते. आधी गॅस.

रांगेच्या शेपटापासून पंप दिसतही नाही. भिंतीला धरून पुढे चालत निघायचं. बसच्या पायऱ्यांवर ड्रायव्हर बसलेत. कंडक्टर कॅश भरायला गेलेत. एका काकांनी डबा उघडलाय. सकाळची भेंडी आहे, आधी नाकाशी नेऊन बघतात, मग खातात. दुसऱ्याने सीटवरच अंग टाकलंय, पाय दाराबाहेर. मधेच पुढून आवाज येतो, “घ्या पुढं!” पहिलं इंजिन सुरू होतं, मग दुसरं, तिसरं, आणि तो घुरघुराट रांगभर सरकत शेवटच्या बसपर्यंत जातो. रांग एका बसएवढी पुढे सरकते. पुन्हा सगळी इंजिनं बंद.

यातल्या काही बस या डेपोच्या नाहीतच. त्यांच्या डेपोत पंप नाही. शेवटच्या थांब्यावर प्रवासी उतरवून त्या रिकाम्याच इथवर येतात, गॅस भरून रिकाम्याच परत जातात. या धावण्याला इथली माणसं ‘डेड किलोमीटर’ म्हणतात. त्यातही गॅस जळतोच.

पंपापाशी पोचलं की बोलणं खुणांवर येतं. जाळीआडचा कॉम्प्रेसर धडधडत असतो. हवेत उग्र वास. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. पंपावरचा पोरगा नोझल बसवतो, खटका फिरवतो. फुस्स होतं आणि नळी ताठ होते. काटा झपकन चाळीसवर, नव्वदवर. एकशेचाळीसनंतर दमतो. एकशेसाठवर जवळजवळ थांबतोच.

“मास्तर, एवढंच येतंय. प्रेशर नाही.”

“एकशेसाठवर उद्याची शेवटची फेरी कोण मारणार? ठेव की दोन मिनिटं.”

“मी ठेवतो. मागचे शिव्या देतील त्या तुम्ही खा.”

दोन मिनिटांनी काटा एकशेपासष्टवर. ड्रायव्हर हात झटकतो आणि बस पुढे काढतो.

हिशेब सोपा आहे. गाडीच्या टाक्या २०० बार दाबापर्यंत भरायच्या असतात. त्यासाठी कॉम्प्रेसर २५० बारपर्यंत गॅस दाबून साठवतो. एकामागून एक बस लागल्या की हा साठा उतरतो आणि कॉम्प्रेसर मागे पडतो. एकशेसाठवर सोडलेल्या बसच्या टाक्यांचा साधारण पाचवा हिस्सा रिकामाच राहतो. मोठ्या बसमध्ये शंभर किलोच्या आसपास गॅस मावतो आणि बस किलोला तीनेक किलोमीटर जाते. म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर इथेच, नोझलखाली, गळाले. त्यात उन्हाळा. घाईने भरलेला गॅस टाकीत तापतो, काटा लवकर चढतो आणि पहाटे गार झाल्यावर खाली येतो. ड्रायव्हर लोकांना हे पुस्तकातून कळलेलं नाही. रात्री फुल्ल आणि सकाळी पाऊण, हे ते रोज बघतात.

गेटबाहेर रस्त्यापलीकडे दुसरा पंप आहे, तो सगळ्यांसाठी. तिथे रिक्षांची रांग कोपऱ्यावरून वळलेली. रिक्षाच्या टाकीत मावतो चार-साडेचार किलो, तोही पुरा भरत नाही. भरताना प्रवाशांनी उतरून लांब उभं राहायचं, हा नियम. एक आजी पिशव्या सांभाळत फुटपाथवर उभ्या आहेत. रिक्षावाला वळून सांगतो, “मावशी, पाचच मिनिटं.” पाच मिनिटं म्हणजे किती, हे त्या आजींनाही ठाऊक असावं. हा पंप पाइपलाइनवर नाही. टाक्यांनी भरलेला ट्रक येईल तेव्हा इथे गॅस येतो. तोवर पाटी लटकते, ‘सीएनजी शिल्लक नाही’. रांग मात्र हलत नाही. ट्रक येणार हे सगळ्यांना माहीत असतं.

रांगेत दोन घंटागाड्याही आहेत, रिकाम्या, तरी वास येतोच. इंदूरने फेब्रुवारी २०२२मध्ये ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू केला. दिवसाला ५५० टन कचऱ्यातून सुमारे १७ हजार किलो गॅस काढण्याची त्याची क्षमता. त्यातला निम्मा शहराने स्वतःच्या बसगाड्यांसाठी विकत घ्यायचा, असं आधीच ठरलेलं. घंटागाडीवाल्या दादांना हे सांगितलं तर ते हसतात. “मग आम्ही रांगेत कशाला, गॅस तर रोज आमच्याच मागं भरलेला असतो.”

परत डेपोत. ऑफिसमध्ये पंखा गरम वारा फेकतोय. टेबलावर रजिस्टर. बसचा नंबर, किलो, मीटरचं रीडिंग. एक सही गॅसवाल्यांच्या माणसाची, एक डेपोच्या. यावरूनच बिल होतं. दर मात्र या टेबलावर ठरत नाही. १ एप्रिल २०२२ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला. त्याच दिवशी देशातल्या जुन्या विहिरींच्या गॅसचा सरकारी दर २.९० डॉलरवरून ६.१० डॉलरवर गेला आणि ऑक्टोबरात ८.५७वर. राज्याने दिलेली सवलत दरवाढीने गिळली. पुढच्या एप्रिलमध्ये केंद्राने साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली. क्लार्कला हे सगळं तोंडपाठ आहे. मी रजिस्टर मागून-पुढून चाळतो. बस रांगेत किती वाजता लागली, याचा रकाना त्यात नाही.

बारा वाजून गेलेत. रांगेत अजून बस आहेत. पहाटे पाचला यातल्याच काही पुन्हा रस्त्यावर. भेंडीवाले काका आता नोझलपाशी पोचलेत.

डिझेल सोडून गॅसवर जाणाऱ्या शहरांना हे नवं नाही. दिल्लीत १९९८च्या न्यायालयीन आदेशानंतर बस गॅसवर गेल्या, तेव्हा पंप कमी आणि गाड्या फार अशी स्थिती होती. रांगा रात्रभर चालत. धूर हटला, हे खरं. पण पंप मागून आले. आता विजेच्या बस येत आहेत. पुण्यात भेकराईनगरच्या डेपोत त्या २०१९पासून आहेत. तिथे नळीऐवजी केबल, पण मोजायचं तेच. बस किती, जोडण्या किती, आणि एका बसला लागतो किती वेळ.

इंधनाच्या पुढच्या निविदेत किलोच्या किंवा युनिटच्या दराखाली दोन अटी घालाव्यात. प्रत्येक नोझलला रात्री किती दाब मिळालाच पाहिजे, आणि एका बसला जास्तीत जास्त किती मिनिटं थांबवता येईल. मिनिटं आखायची असतील तर निविदा समितीतल्या एखाद्याने सही करण्याआधी रात्री अकराला इथे यावं. गेटवर नाव लिहावं लागतं आणि पंपाजवळ मोबाइल बंद ठेवावा लागतो, एवढंच.