सनावळीआधी कारण

अकरावी-बारावीत इतिहास घेणाऱ्यांची खरी अडचण स्मरणशक्तीची नसून, सनावळी म्हणजेच इतिहास ही जी समजूत शाळेत दृढ होते, तिची आहे. १६६५ चा पुरंदरचा तह घ्या. २३ किल्ले व ४ लक्ष होनांचा मुलूख मोगलांस गेला, १२ किल्ले व १ लक्ष होनांचा मुलूख शिवछत्रपतींकडे राहिला, एवढे घोकून थांबण्याऐवजी, मोगल सेनापती जयसिंगाने वेढा पुरंदरासच का घातला आणि १६७० मध्ये गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम का निघाली, हे प्रश्न जो वहीच्या डाव्या पानावर मांडतो आणि उजवे पान पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत भरतो, त्याला मधली १६६६ ची आग्रा-भेट निराळी पाठ करावी लागत नाही. (हे मला फार उशिरा उमगले.) तेच पान चार दिवसांनी व पुन्हा पंधरवड्याने झाकून आठवावे, नुसते अधोरेखन, माझ्या मते, रंगकाम होय.

साधनांची पारखही हवी: सभासदाची बखर शिवछत्रपतींच्या निधनानंतर, राजारामांच्या कारकिर्दीत जिंजीस लिहिली गेल्यामुळे समकालीन पत्राच्या वा फर्मानाच्या तोलाची मानता येत नाही, मात्र तिच्यातील किल्ल्यांच्या बंदोबस्ताचा तपशील टाकाऊही नव्हे.