श्वानांमधील अतिजलद हृदयगती

विश्रांतीच्या अवस्थेत श्वानाच्या हृदयाचे ठोके नेहमीच्या मर्यादेपेक्षा अधिक वेगाने पडणे, या अवस्थेस अतिजलद हृदयगती असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून शरीरातील किंवा हृदयातील बिघाडाचे लक्षण होय.

प्राकृत गती

प्रौढ श्वानाच्या हृदयाचे ठोके विश्रांतीत मिनिटाला साधारणतः ६० ते १४० पडतात. मोठ्या जातींत ते कमी, तर लहान जातींत अधिक असतात. पिलांमध्ये ते २०० च्या वरही जाऊ शकतात. मोठ्या श्वानात १६०, लहान जातींत १८० आणि पिलांत २२० पेक्षा अधिक ठोके सामान्यतः असाधारण मानतात. श्वास घेताना ठोके किंचित जलद व सोडताना मंद होणे, हे मात्र निरोगी श्वानाचे लक्षण आहे. त्यास आजार समजू नये.

प्रकार व कारणे

हृदयाच्या उजव्या अलिंदातील सायनस गाठीत विद्युत् आवेग निर्माण होतो व तो निलयांपर्यंत पोहोचून ठोका पडतो. भीती, वेदना, ताप, रक्तस्राव, निर्जलीकरण किंवा चॉकलेटसारख्या पदार्थाची विषबाधा यांमुळे ही गाठच अधिक वेगाने आवेग सोडते. महाराष्ट्रात गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया व बबेसिया यांचे संसर्ग आढळतात. त्यांतून रक्तक्षय झाल्यास कमी रक्तपेशींवर प्राणवायूची गरज भागविण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते. अशा वेळी उपचार हृदयावर नव्हे, तर मूळ कारणावर करावयाचे असतात.

दुसऱ्या गटात बिघाड हृदयातच असतो. अलिंदांचे कंपन प्रामुख्याने ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींत व हृदयस्नायू शिथिल होऊन हृदय फुगलेल्या श्वानांत दिसते. त्यात ठोके जलद व पूर्णतः अनियमित असतात. लॅब्राडोरमध्ये काही वेळा जन्मजात अतिरिक्त विद्युत् मार्गामुळे गती अचानक वाढते. निलयांतून उद्भवणारी अतिजलद गती सर्वांत धोकादायक होय. डॉबरमन व बॉक्सर या जातींत तिची प्रवृत्ती अधिक असून, कधीकधी आकस्मिक मृत्यू हेच तिचे पहिले लक्षण ठरते.

परिणाम

दोन ठोक्यांमधील काळ कमी झाल्याने निलये पुरेशी भरत नाहीत व प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते. परिणामी अशक्तपणा, धाप, भोवळ किंवा मूर्च्छा संभवते. अशी गती दीर्घकाळ राहिल्यास हृदयस्नायू दुर्बल होतो. वेळीच गती आटोक्यात आल्यास ही दुर्बलता काही अंशी भरूनही निघते.

निदान

मांडीच्या आतील बाजूस नाडीचे ठोके १५ सेकंद मोजून चारने गुणल्यास मिनिटाची गती कळते. श्वान शांत असताना ती अधूनमधून मोजून नोंदवून ठेवल्यास आजारपणात तुलना करता येते. छातीवर ऐकू येणारे ठोके नाडीच्या ठोक्यांपेक्षा अधिक असणे, ही लयबिघाडाची खूण होय. नेमका प्रकार विद्युत् हृल्लेखाने कळतो. या तंत्राच्या इतिहासातही श्वानाचे स्थान आहे: ऑगस्टस वॉलर यांनी १९०९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत आपल्या जिमी या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून हृदयाच्या विद्युत् स्पंदनांचे प्रात्यक्षिक दाखविले होते. अधूनमधून उद्भवणारा बिघाड पकडण्यासाठी २४ तास नोंद घेणारे हॉल्टर यंत्र वापरतात.

उपचार

निलयातिगतीत शिरेतून लिडोकेन व पुढे सोटॅलॉल किंवा मेक्सिलेटिन, तर अलिंदकंपनात डिल्टियाझेम व डिगॉक्सिन ही औषधे पशुवैद्य देतात. डिगॉक्सिनची उपकारक व विषारी मात्रा यांत फारच थोडे अंतर असते. त्यामुळे घरातील माणसांची हृदयाची औषधे श्वानास देणे प्राणघातक ठरू शकते.

विदर्भातील परिस्थिती

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. श्वानाचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होत असल्याने उष्माघातात हृदयगती झपाट्याने वाढते. अशा श्वानास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व लगेच पशुवैद्याकडे न्यावे. वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावांतील पशुपालकांना अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था तुलनेने जवळची आहे. मात्र मूर्च्छा, पांढुरक्या हिरड्या किंवा विश्रांतीतही न थांबणारी धाप दिसल्यास दूरच्या तपासणीची वाट न पाहता प्रथम नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात उपचार घेणे आवश्यक असते.