उन्हाळी सुट्टी आणि अल्पखर्चात बालरंजन

महाराष्ट्रदिनाच्या सुमारास शाळांचे निकाल जाहीर होतात आणि राज्यातील लक्षावधी मुले एकाच वेळी मोकळी होतात. ही सुट्टी साधारणतः जूनच्या मध्यापर्यंत चालते. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे ती जूनच्या अखेरीस पोहोचते. शहरातील सधन कुटुंबे या काळात शुल्क भरून मुलांना छंदवर्गात किंवा शिबिरात पाठवितात. खेड्यातील मुलाच्या वाट्याला मात्र रिकामा वेळ येतो आणि नेमक्या त्याच वेळी शाळेला कुलूप लागते. गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट, खेळाचे साहित्य, सावलीची पडवी आणि पिण्याच्या पाण्याची सोय ही सर्व सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली साधने मुलांना सर्वाधिक सवड असते तेव्हाच त्यांच्यापासून दूर होतात.

अल्पखर्चात मुलांचे मनोरंजन कसे करावे, या प्रश्नाचे पहिले उत्तर या वस्तुस्थितीतच आहे. नवीन खरेदीपूर्वी गावाने आपल्यापाशी असलेली साधने सुट्टीत खुली ठेवण्याची व्यवस्था केली, तर निम्म्याहून अधिक काम पार पडते.

हक्क आणि जबाबदारी

खेळ व विश्रांती ही चैन आहे, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली संमत केलेल्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने विश्रांती, खेळ व सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा प्रत्येक बालकाचा हक्क मानला आहे. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय आणि वर्गवार खेळसाहित्य असणे आवश्यक आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत शिक्षण, ग्रंथालये, सांस्कृतिक कार्यक्रम आणि महिला व बालविकास हे विषय पंचायतींच्या कार्यक्षेत्रात अंतर्भूत केलेले आहेत. तेव्हा सुट्टीतील मुलांकडे लक्ष पुरविणे हे पंचायतीच्या कामकाजाचे रीतसर अंग होय. एप्रिलमधील मासिक सभेत हा विषय घेऊन शाळा व्यवस्थापन समितीशी विचारविनिमय केल्यास किल्ली कोणाकडे राहील आणि साहित्याची जबाबदारी कोणाची, हे दोन प्रश्न वेळीच सुटतात.

कोसबाडचा धडा

अल्पखर्चाच्या बालशिक्षणाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले आणि अनुताई वाघ यांनी ते दीर्घकाळ चालविले. माँटेसरी पद्धतीची तयार साधने महाग होती. आदिवासी पाड्यावरील बालवाडीला ती परवडणे शक्य नव्हते. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या आणि माती हीच साधने झाली. लहान-मोठे, हलके-जड, खरखरीत-गुळगुळीत हे भेद मुले या वस्तूंवरून सहज शिकली. साधनाचे मोल त्याच्या किमतीवर अवलंबून नसून ते मुलाच्या हाती किती वेळ राहते यावर अवलंबून असते, हा त्या प्रयोगाचा धडा सुट्टीतील उपक्रमांनाही लागू पडतो.

वेळ, जागा आणि माणसे

उन्हाळ्यात वेळेची निवड महत्त्वाची आहे. सकाळी सात ते साडेनऊ आणि सायंकाळी पाच ते साडेसहा या वेळा सोयीच्या ठरतात. दुपारी मुलांना मैदानावर बोलावू नये. शाळेची पडवी, समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप येथे बैठे खेळ व वाचन चालू शकते. पिण्याच्या पाण्याचा माठ आणि जवळपास स्वच्छतागृह असणे ही पहिली अट मानावी.

शिक्षकांची सुट्टी ही त्यांच्या हक्काची आहे. या कामाचा भार त्यांच्यावर लादणे योग्य नव्हे. सुट्टीत घरी आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी, सेवानिवृत्त शिक्षक, बचत गटाच्या सदस्या आणि गावातील कारागीर यांच्यातून दर दिवसासाठी किमान दोन जाणत्या व्यक्तींची पाळी लावता येते. त्यांत एक स्त्री असावी. कुंभाराने एक सकाळ मातीकामाला दिली, सुताराने विटी आणि भोवरा कसा घडतो ते दाखविले किंवा एखाद्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखविल्या, तर त्यास खर्च येत नाही आणि गावचे ज्ञानही पुढील पिढीकडे जाते.

मैदानी व बैठे खेळ

लंगडी आणि आट्यापाट्या यांना चुन्याच्या रेघांखेरीज काही लागत नाही. लगोरीला सात चपटे दगड आणि चिंध्यांचा घट्ट शिवलेला चेंडू पुरतो. विटीदांडू खेळताना प्रेक्षक मुलांना पुरेशा अंतरावर बसवावे, कारण उडालेल्या विटीने डोळ्यास इजा होऊ शकते. बैठ्या खेळांत सागरगोटे आणि चिंचोके यांचा उपयोग आहे. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी व दुसरी काळसर असे दोन फासे तयार होतात आणि जमिनीवर खडूने आखलेल्या पटावर खेळ सुरू होतो. खेळता खेळता मोजणी, बेरीज आणि पाळी सांभाळणे या गोष्टी अंगवळणी पडतात.

मुंबई-पुण्यापासून वस्त्या-पाड्यांपर्यंत सर्वत्र उपयोगी पडणारे दुसरे साधन म्हणजे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. गुल खरवडून काढलेल्या काड्या नळीच्या लहान तुकड्यांनी जोडून निरनिराळे आकार करता येतात. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याचा ध्यास घेतलेले आणि पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी ही पद्धत देशभर लोकप्रिय केली. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो; त्रिकोण मात्र आपला आकार सोडीत नाही. एवढे पाहिल्यावर घराच्या छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे मुलास सांगावे लागत नाही. ते वर पाहून स्वतःच ओळखते.

सावली नाहीशी होण्याचा दिवस

उन्हाळी सुट्टीतच पाहावयास मिळणारा एक निसर्गचमत्कार महाराष्ट्रातील बहुतेक मुलांच्या नजरेतून निसटतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपल्या राज्यात वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलै-ऑगस्टमधील दुसरा दिवस बहुधा ढगांत हरवतो; मे महिन्यातील दिवस मात्र स्वच्छ असण्याचा संभव अधिक. कोल्हापूरला हा दिवस ६-७ मेच्या सुमारास, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे आणि नागपूरला २५-२६ मेच्या सुमारास येतो. म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना तारीख पुढे सरकत जाते. माध्यान्हाची वेळही घड्याळात बारा नसते; ती नागपूरला बारा वाजून दहा मिनिटांच्या, तर मुंबईला बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या आसपास असते.

यासाठी सपाट जागी हातभर लांबीची सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. दोऱ्याला दगड बांधला की ओळंबा तयार होतो. त्या दिवसाच्या आधी आठवडाभर दुपारी बारा ते पाऊण या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवून सर्वांत आखूड सावली शोधावी. ठरलेल्या दिवसापर्यंत ही आखूड सावली उत्तरेकडे पडते. तो दिवस उलटल्यावर दक्षिणेकडे पडू लागते. मुलांनी स्वतः ठेवलेल्या खड्यांच्या रांगेवरून सूर्याचे उत्तरायण डोळ्यांना दिसते. निरीक्षणाच्या वेळी डोक्यावर टोपी किंवा रुमाल असावा, मुलांनी आळीपाळीने दोन-तीन मिनिटेच उन्हात यावे आणि सूर्याकडे थेट पाहू नये.

वाचनाचे कपाट

शाळेतील किंवा गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तके सुट्टीत वाटण्यास एक वही पुरेशी आहे. सातवी-आठवीतील दोन मुलांकडे नोंदीचे काम द्यावे. पुस्तके फाटतील किंवा हरवतील या भीतीने कपाट बंद ठेवण्यापेक्षा काही पुस्तके वापराने झिजली तर ते अधिक इष्ट होय. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून प्रसिद्ध होत आहे. शाळांतून त्याचे जुने अंक पडून असतात. मोठ्या मुलाने लहानांना रोज अर्धा तास गोष्ट वाचून दाखविली, तर दोघांचेही वाचन टिकते.

याची निकड एका वर्गाच्या बाबतीत विशेष आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी गेलेली कुटुंबे गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास गावी परततात. त्यांच्यासोबत गेलेल्या मुलांचे शाळेचे अनेक महिने बुडालेले असतात. परत आल्यावर लगेच शाळेला कुलूप लागले, तर त्यांचा अक्षरांशी संबंध जवळजवळ वर्षभर तुटतो. अशा मुलांची नावे आठवणीने नोंदवून त्यांना घरून बोलावून आणणे, हे या उपक्रमाचे सर्वांत मोलाचे काम ठरेल.

मुलींचा वेळ

अनेक घरांत सुट्टी लागली की मुलीकडे पाणी भरणे, स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांची राखण ही कामे येतात. घरकामात हातभार लावणे आणि बालपण कामात हरवणे यांत अंतर आहे. २०१६ साली सुधारलेला बालकामगारविषयक कायदा चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करतो. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची मुभा आहे, परंतु ते काम धोकादायक असता कामा नये. भावंडाला कडेवर घेऊन येण्यास मुलीला परवानगी असावी आणि लहानग्यांसाठी एका कोपऱ्यात वाळू व भातुकली मांडावी. एवढ्या सवलतीने मुलींची उपस्थिती वाढू शकते.

पाण्याचा धोका

सुट्टीतील सर्वांत दुःखद बातम्या विहिरी, नद्या आणि तलावांच्या काठावरून येतात. त्यांत शेततळ्यांची भर पडली आहे. प्लॅस्टिकचे अस्तर अंथरलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की निसरडा होतो आणि पोहणारी व्यक्तीही बाहेर येऊ शकत नाही. अशा प्रत्येक तळ्याभोवती कुंपण असावे आणि काठावरील मजबूत खुंटास बांधलेला गाठींचा दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा. मुलांना पोहणे शिकवायचे तर ठरावीक जागी, ठरावीक वेळी, पाठीला डबा किंवा सुकलेला भोपळा बांधून, पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या देखरेखीखालीच शिकवावे. कोणी बुडत असल्यास इतर मुलांनी पाण्यात उडी न घेता आरडाओरडा करावा आणि दोर, लांब काठी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टाकावा, हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. रुग्णवाहिकेचा १०८ आणि बालकांसाठीच्या मदतीचा १०९८ हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवावेत.

खर्चाचा हिशेब

या सर्व उपक्रमांस विकत घ्यावे लागणारे साहित्य थोडे आहे : खडू, चुना, सुतळी, दोर, आगपेट्या, व्हॉल्व्हची नळी, दोन वह्या, माठ आणि प्रथमोपचाराची पेटी. जुनी वर्तमानपत्रे, चिंध्या, बिया आणि माती गावातच मिळतात. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाच्या निधीतून हा खर्च नियमानुसार करता येईल काय, याची विचारणा ग्रामसेवकांमार्फत आधीच करून घ्यावी.

जूनमध्ये शाळा उघडताना प्रवेशोत्सव साजरा होतो. त्या दिवशी मुलांनी केलेली मातीची भांडी, काड्यांचे मनोरे, सावलीच्या नोंदी आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी पडवीत मांडावी. दोन्ही वह्या मुख्याध्यापकांच्या स्वाधीन कराव्यात. कोणती मुले आली, कोणती एकदाही आली नाहीत आणि का, हे त्या वह्यांवरून कळते. पुढील वर्षाच्या सुट्टीची आखणी तेथूनच सुरू करता येते.