खडक, पाणी आणि दांत

पाणी नितळ असलें व चवीला गोड लागलें म्हणजे तें निर्दोष, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु खडकांतून पाण्यांत उतरणारा एक दोष डोळ्यांना दिसत नाहीं, नाकाला कळत नाहीं आणि जिभेलाहि जाणवत नाहीं. त्याचें नांव फ्लोराइड.

लातूर जिल्हा बहुतेक सारा ज्वालामुखीच्या रसापासून बनलेल्या काळ्या कातळावर वसला आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस मात्र, देगलूर, बिलोली व किनवट या बाजूंस, ग्रॅनाइट जातीचा फार प्राचीन खडक वर आलेला आढळतो. त्यांतील कांहीं खनिजांत फ्लोराइड असतें आणि खोल भेगांत वर्षानुवर्षें सांचलेल्या पाण्यांत तें हळूहळू विरघळतें. म्हणून विंधण विहीर जितकी खोल तितकें पाणी शुद्ध, हा हिशेब येथें चुकतो.

भारतांत या विकाराची पहिली नोंद १९३७ सालीं तेव्हांच्या मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत झाली. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरास १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतें. दुसरी सोय नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची शेवटची मर्यादा होय. याहून अधिक फ्लोराइड लहान मुलांच्या पोटांत जात राहिलें, तर हिरडीच्या आंत घडत असलेले कायमचे दांत बिघडतात. ते खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्ट्यांचेच उगवतात. दंतमंजनानें ते डाग जात नाहींत. अनेक वर्षें तेंच पाणी प्यालें गेल्यास मान, पाठ व सांधे ताठरतात. लोक त्यास वात म्हणतात, कोणी कुळाचा दोष मानतात. दोष कुळाचा नसतो, पाण्याचा असतो.

पाणी उकळून कांहीं साधत नाहीं. वाफ निघून जाते, फ्लोराइड मागें राहतें व त्याचें प्रमाण उलट वाढतें. नागपूरच्या नीरी संस्थेनें तुरटी व चुना यांच्या योगानें तें खालीं बसविण्याची ‘नलगोंडा’ पद्धत तयार केली आहे. मात्र तुरटीचें माप पाण्याच्या परीक्षेवरूनच ठरवावें लागतें. याहून सोपा मार्ग म्हणजे पिण्याचें व स्वयंपाकाचें पाणी दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीचें घेणें. आहारांत दूध, दही व आवळा असल्यास शरीरास कांहींसें संरक्षण मिळतें.

२०१६ सालच्या उन्हाळ्यांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा टंचाईंत नव्या विंधण विहिरीस पाणी लागतांच गांव आनंदतें, हें साहजिक आहे. त्याच दिवशीं एक स्वच्छ बाटली भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवावी. पाणी सदोष ठरल्यास हापशावर तसें ठळक अक्षरांत लिहावें आणि तें केवळ धुण्याकडे वापरावें. मुलांचे दांत एकदां डागाळले कीं पूर्ववत् होत नाहींत. पिण्याची विहीर मात्र वेळीं बदलतां येते.